लूपर: पाय समेवर पडला तर बँड, नाहीतर बोंब

स्टेजवर एकच माणूस, हातात एकच गिटार, आणि दोन-तीन मिनिटांत मागे ताल, बास, कॉर्ड्स आणि वर सोलो असं सगळं वाजायला लागतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं ट्रॅक आधीच रेकॉर्ड करून आणलाय. तसं नसतं, सगळं तिथल्या तिथे पायाखालच्या लूपर पेडलमध्ये भरलं जातं.

आतलं काम ऐकायला सोपं आहे. गिटारचा सिग्नल सेकंदाला साधारण ४४,१०० वेळा मोजायचा (सीडीचा आकडाही हाच) आणि ते आकडे मेमरीत ओळीने ठेवत जायचे. पेडल एकदा दाबलं की भरणं सुरू, परत दाबलं की ओळीचं शेवटचं टोक पहिल्याला जोडलं जातं, झालं वर्तुळ. मग त्यावर नवीन थर चढवायचा, म्हणजे ओव्हरडब करायचं, तर ती चक्क बेरीज असते, जुना आकडा अधिक नवीन आकडा.

खरी गंमत त्या दुसऱ्यांदा दाबण्यात आहे. समजा टेम्पो मिनिटाला १२० बीट्स आहे आणि आठ बीट्सचा लूप करायचाय, म्हणजे बरोबर ४ सेकंद. नवशिका काय करतो, आठवी बीट वाजली की लगेच पाय दाबतो. पण आवर्तन आठवर संपत नाही हो, ते पुढच्या समेला संपतं, त्यामुळे अख्खी एक बीट गायब होते आणि लूप लंगडायला लागतो. हे मी स्वतः इतक्या वेळा केलंय की विचारू नका.

बरं, पाय फक्त ५० मिलीसेकंद उशिरा पडला तर? एकटे वाजवत असाल तर दर फेरीत त्याच जागी थोडं अडखळल्यासारखं वाटेल, निभावून नेता येतं. पण सोबत ड्रम मशीन असेल तर दर फेरीला तेवढंच अंतर वाढत जातं आणि दहाव्या फेरीला अर्धा सेकंद, म्हणजे पूर्ण एक बीट, मागे! म्हणून बऱ्याच पेडल्समध्ये पाय थोडा चुकला तरी जोड जवळच्या बीटवर सरकवायची सोय असते. शिवाय जोडाच्या जागी आवाजाची लाट मध्येच तुटली तर 'टक' ऐकू येतं, ते टाळायला शेवटचे काही मिलीसेकंद हळूच सुरुवातीत मिसळतात.

टेपच्या काळात हा जोड नव्हताच. १९६० च्या दशकात अमेरिकन संगीतकार टेरी रायलीने आणि पुढे इंग्लिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टेप दोन्हींतून फिरवली, पहिला रेकॉर्ड करणार, दुसरा वाजवणार आणि तो आवाज परत पहिल्याकडे. टेप सेकंदाला १९ सेंटीमीटर धावत असेल आणि मशीनमध्ये ९५ सेंटीमीटर अंतर असेल तर आवाज ५ सेकंदांनी परत येतो, म्हणजे वेळ चक्क अंतरावरून ठरायची. तिथे जुना थर आपोआप विरत जायचा. डिजिटलमध्ये तो जसाच्या तसा राहतो, म्हणून काही पेडल्समध्ये त्याला मुद्दाम विरवता येतं. दर फेरीला १० टक्के कमी केला तर सात फेऱ्यांत तो निम्म्याच्याही खाली येतो.

आणि थर चढवायलाही मर्यादा आहेच. प्रत्येक आकडा १६ बिटमध्ये, म्हणजे १६ शून्य-एकच्या जागांत, साठवला तर तो ३२,७६७ च्या वर जात नाही, बेरीज त्यापुढे गेली की लाटेचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. त्याहून मोठी अडचण कानाची, साधारण एकाच उंचीचे आवाज एकमेकांना झाकतात, चार वेळा तेच कॉर्ड वाजवून गाणं मोठं होत नाही, नुसता चिखल होतो. म्हणून बाससाठी ऑक्टेव्ह पेडल लावतात, ते सूर एक सप्तक खाली नेतं. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ८२ वेळा थरथरणारी, तो आकडा निम्मा केला की ४१, म्हणजे थेट बास गिटारची खालची तार. ताल गिटारच्या खोक्यावर थापा मारून मिळतो, पण त्याला पिएझो पिकअप (खोक्याची थरथर पकडणारा सेन्सर) नाहीतर माइक लागतो, इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकाचा पिकअप मुख्यतः तारच ऐकतो.

माझं मत विचाराल तर चार थर पुरे. सतत फिरणाऱ्या गोष्टीकडे मेंदू थोड्या वेळाने लक्षच देत नाही, म्हणून मुरलेले वाजवणारे मध्येच एका फेरीसाठी बास काढून घेतात, आणि तेव्हाच ऐकणाऱ्याला कळतं की अरे, इतका वेळ बास वाजत होता.