सदाफुली, नरक्या आणि नंदुरबारचे वाणी
पुण्यात एखाद्या घरी केमो सुरू झाली की कुणीतरी सदाफुलीच्या पानांचा रस हमखास सुचवतं. सल्ला मायेपोटीच असतो. त्यामागे खरा इतिहासही आहे, फक्त तो अर्धाच पोचलेला असतो.

सदाफुली मूळची मादागास्करची. काही देशांत मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत, म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तिचा अर्क उंदरांवर तपासला. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात! त्या धाग्यावरून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती लागलं. पाठोपाठ आलेल्या व्हिन्क्रिस्टिनला १९६३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, ते आजही दिलं जातं. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ते जेमतेम ग्रॅमभर निघतं. मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तेही फक्त शिरेतून. तेवढ्यानेही हातापायांना मुंग्या येतात. वाटीभर रसातून पोटात काय आणि किती गेलं, हे कोण मोजणार? केमो चालू असताना हा रस नकोच.

नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाहीत, याची खंत वाटते. अमेरिकेत मनरो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य वेगळं केलं आणि १९७१ मध्ये टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाच्या रेणूची रचना मांडली. कॅम्प्टोथेसिनच्या सुरुवातीच्या चाचण्या दुष्परिणामांमुळे थांबल्या. पुढे त्याच्या रेणूत फेरफार करून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली.

दरम्यान १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्रज्ञांना हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं, तेही भरपूर. उग्र दुर्गंधी असलेलं हे झाड, एरवी त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. मग मात्र ते तोडलं जाऊ लागलं, मुळांतही द्रव्य असल्याने उपटलंही जाऊ लागलं. कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडे वनखातं चोरटं लाकूड पकडतं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात सह्याद्रीतल्या वनस्पतींचे वाळवलेले नमुने जपलेले आहेत. ते संग्रह मोलाचे आहेतच, पण झाड जंगलात उभं राहायला हवं. त्यासाठी लागवड वाढवावी आणि गुन्हा फक्त तोडणाऱ्या मजुरावर नको, चोरीचं लाकूड विकत घेणाऱ्यावरही दाखल व्हावा.