तुमच्या काउंटरवरच्या सॉफ्टवेअरचा मालक कोण?

सांगलीच्या मार्केट यार्डात एखाद्या पेढीवर आम्ही लिनक्स (विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) आणि लिब्रेऑफिस (पत्रं, हिशेबाचे तक्ते करायचं सॉफ्टवेअर) बसवून दिलं, की हा प्रश्न हमखास येतो: "फुकट म्हणता, पण उद्या कुणी मालक म्हणून दारात उभा राहिला तर?" विचारायलाच हवा.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, हजारो जणांनी मिळून लिहिलाय. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरुवात केली, 'लिनक्स' या नावाचा ट्रेडमार्कही त्यांच्याकडेच आहे. पण ज्याने जेवढा कोड लिहिला, तेवढ्यावर हक्क त्याचा किंवा तो नोकरीत असेल तर बहुधा त्याच्या कंपनीचा. सामाईक सातबाऱ्यासारखंच: एकट्या खातेदाराने सगळं रान विकायचं म्हटलं तर जमत नाही. कर्नल ज्या परवान्याखाली वापरायला, बदलायला आणि वाटायला मिळतो, त्या जीपीएलची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आली, कर्नल मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. टॉरव्हाल्ड्स यांना तिसरी पसंत नव्हती. पण असती, तरी इतक्या जणांची संमती आणायची कुठून? व्हिडिओ बघायच्या व्हीएलसी प्लेअरवाल्यांनी २०११ च्या सुमारास गाभ्याचा परवाना बदलायचं ठरवलं, तेव्हा जुन्या लेखकांना एकेक करून शोधत बसावं लागलं.

आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी, सहीनिशी. तोंडी चालत नाही.

नाव आणि देणग्या सांभाळायला बहुतेक वेळा एखादी संस्था असते. लिब्रेऑफिससाठी बर्लिनचं द डॉक्युमेंट फाउंडेशन आहे. लिनक्सचाच एक प्रकार बनवणारा डेबियन प्रकल्प तर स्वतः नोंदणीकृतच नाही (आपली कित्येक तरुण मंडळं अशीच चालतात!), त्याचा ट्रेडमार्क अमेरिकेतली 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' ही संस्था सांभाळते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, हे कितीही कॉम्प्युटरवर टाका, भावाच्या दुकानात द्या. जीपीएलच्या प्रोग्राममध्ये स्वतःच्या पेढीपुरता बदल केलात तर तो कुणाला दाखवायची सक्ती नाही. तोच बदललेला प्रोग्राम दुसऱ्या अडत्याला दिलात, विकत किंवा फुकट, तर त्याचा सोर्स कोडही (प्रोग्राम लिहिलेला मूळ मजकूर) त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. इथे लोक चुकतात.

या परवान्यांत हमी नाही, हे साफ लिहिलेलं असतं. त्यामुळे सौद्याच्या दिवशी पट्टी छापली गेली नाही तर फोन आम्हालाच करायचा. आमचं बिल बसवणं, शिकवणं आणि दुरुस्ती एवढ्याचंच असतं. याच सॉफ्टवेअरसाठी कुणी 'लायसन्स फी' लावली, तर ती नेमकी कुणाला जाते, ते आधी विचारा.