आधी जपमाळ, मग बायबल: कॅथलिक घरातल्या प्रार्थनेची पार्श्वभूमी

कॅथलिक लोक बायबल वाचत नाहीत असा टोमणा आपल्याकडे प्रोटेस्टंट मंडळी फार पूर्वीपासून मारत आलीयत, आणि खरं सांगायचं तर परवा-परवापर्यंत तो अर्धा खरा होता. आज वसईत किंवा मुंबईच्या एखाद्या गावठाणात कुठल्याही घरी जा, ऑल्टरवर (घरातल्या वेदीवर) जपमाळ आणि बायबल शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे वाटतं की हे असंच चालत आलंय. पण त्यातली जपमाळ चारेकशे वर्षं जुनी आहे आणि बायबल त्या जागी येऊन जेमतेम दोन-तीन पिढ्या झाल्यात. हे असं का झालं ते समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं.

युरोपात मठातले संन्यासी बायबलमधली १५० स्तोत्रं म्हणायचे. सामान्य माणसाला वाचता येत नव्हतं, लॅटिन तर नाहीच नाही, मग त्याने १५० स्तोत्रांच्या जागी १५० वेळा प्रार्थना म्हणायची आणि मोजायला मणी, अशी ही पद्धत हळूहळू रुळली. म्हणजे जपमाळेचा जन्मच मुळी ज्याच्या हातात पुस्तक नाही त्याच्यासाठी झाला. १५६९ मध्ये पोप पायस पाचवे यांनी तिला आजचं रूप पक्कं करून दिलं, दर दहा मण्यांना येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा, असे १५ प्रसंग, आणि त्यातले शेवटचे दोन (मरियेचं स्वर्गारोहण आणि तिचा मुकुट) सोडले तर बाकी सगळे थेट बायबलमधले. त्यामुळे आमची आजी बायबल वाचत नव्हती हे खरं, पण बायबल तिला माहीत नव्हतं असं नाही हां.

मग पुस्तकच का नाही दिलं? कारण प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरनंतर रोम धास्तावलं होतं. १५६४ च्या निषिद्ध पुस्तकांच्या नियमावलीत असं होतं की लोकभाषेतलं बायबल वाचायचं तर बिशपची नाहीतर धर्मन्यायाधीशाची लेखी परवानगी पाहिजे. हा नियम १७५७ मध्ये सैल झाला, पण तोवर सवय गेली ती गेली. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये, वाचन लॅटिनमध्ये, लोक बाकावर बसून जपमाळ ओढतायत, हे चित्र अगदी १९६० पर्यंत होतं.

आता आपल्याकडची गंमत बघा. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली, फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले (हे युरोपातल्या पाद्र्यांचे धर्मसंघ), गावं ख्रिस्ती झाली. पण नव्या ख्रिस्ती लोकांची अडचण वेगळीच होती. आधी घरी, देवळात पुराणं ऐकायची सवय, ती बंद झाली, आणि त्या जागी काहीच मिळालं नाही. गोव्यात सासष्टीत काम करणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही भूक ओळखली आणि बायबलची गोष्ट, जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत, चक्क मराठी ओव्यांत लिहिली. ते क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्याच राचोलला छापलं गेलं, जवळजवळ ११ हजार ओव्या. लोकांनी आम्हाला पुराणं का नाहीत असं विचारल्याचा प्रसंग त्याच्या सुरुवातीलाच आहे. बायबलचं भाषांतर करायला मनाई होती पण ओवी गायला नव्हती, ही वाट त्या माणसाने काढली, आणि माझ्या मते कॅथलिक घरात मराठीतून शास्त्र शिरलं ते इथूनच, नंतरच्या कुठल्याही मिशनऱ्याच्या भाषांतरातून नाही. १६४९ आणि १६५४ मध्ये ते परत छापलं. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच गदा आणली, तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोला असा हुकूम निघाला. तरी हाताने उतरवलेल्या प्रतींवर पुराण टिकलं, गोव्याहून मंगळूरला गेलेल्या कुटुंबांनीही ते जपलं आणि १९०७ मध्ये मंगळूरलाच ते रोमन लिपीत पुन्हा छापलं गेलं. कोकणी बोलणाऱ्यांनी मराठी ग्रंथ जपला, हे आपण मराठीवाले सोयीस्करपणे विसरतो.

वसईत १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर बहुतेक सगळे युरोपियन धर्मसंघ गेले, किल्ल्यातली मोठमोठी चर्चेस ओस पडली. मागे राहिला तो शेतकरी, कोळी असा गावातला ख्रिस्ती माणूस आणि गोव्याहून येणारे थोडे पाद्री. पाद्री कमी असले की धर्म आपोआप घराकडे सरकतो. संध्याकाळची घंटा झाली की कुटुंबाने गुडघे टेकायचे, म्होरकी बहुधा आजी, जपमाळ झाली की लितानी (एकाने विनवणी म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं अशी प्रार्थना), मग पोरांनी मोठ्यांचे आशीर्वाद घ्यायचे आणि त्यानंतरच जेवण, ही जी शिस्त म्हातारी माणसं अजून सांगतात ती अशा दिवसांत जास्त घट्ट झाली असणार असं मला वाटतं. गावच्या क्रूसापुढची प्रार्थनाही तशीच. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर तर रस्त्यारस्त्यावर क्रूस उभे राहिले, बांद्र्याला अजून बरेच दिसतात, आणि तिथे सगळी आळी जमायची. पुढारी पाद्री नाही, गावातलाच कोणीतरी.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, हे मात्र तेवढं जुनं नाही. ते पोप लिओ तेरावे यांनी १८८३ मध्ये ठरवलं. आणि "जे कुटुंब एकत्र प्रार्थना करतं ते एकत्र राहतं" हे जे वाक्य घराघरात फ्रेम करून लावलेलं असतं ते आयरिश-अमेरिकन फादर पॅट्रिक पेटन यांच्यामुळे जगभर गेलं. त्यांनी १९४२ मध्ये फॅमिली रोझरीची मोहीम सुरू केली, रेडिओ आणि हॉलिवूडचे स्टार वापरून, आणि १९५० च्या दशकात भारतातही मोठे मेळावे घेतले.

खरी उलथापालथ झाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या रोममधल्या सभेने. डिसेंबर १९६३ मध्ये उपासना लोकभाषेत करायला वाट मोकळी झाली. बरोबर वर्षभराने पोप पॉल सहावे युकॅरिस्टिक काँग्रेस या जागतिक कॅथलिक मेळाव्यासाठी मुंबईत होते, त्यामुळे इकडे त्या बदलाची चर्चा नुसती कागदावर राहिली नाही. मग १८ नोव्हेंबर १९६५ ला परिषदेने सरळ म्हटलं की शास्त्र सगळ्या श्रद्धावंतांना सहज मिळालं पाहिजे. चारशे वर्षांचा संकोच एका दस्तऐवजाने गेला. १९६९ पासून वाचनांचं नवं चक्र आलं: रविवारी तीन वाचनं, तीन वर्षांचा फेरा, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, योहान मुख्यतः लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) आणि ईस्टरला. जुन्या एका वर्षाच्या चक्रात जुना करार रविवारी जवळपास ऐकूच यायचा नाही. आजचं शुभवर्तमान काय आहे हे घरात विचारलं जातं ना, ती सवय इथून आली.

पण वाचायचं कोणतं? मराठी बायबल होतं, मिशनरी विल्यम केरींनी बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपोर) १८११ मध्ये नवा करार काढला होता, पंडिता रमाबाईंचं भाषांतर १९२४ चं, पण ही सगळी प्रोटेस्टंट परंपरा. शिवाय प्रोटेस्टंट बायबलात पुस्तकं ६६ आणि कॅथलिकात ७३, तोबित, मक्काबी वगैरे जादा पुस्तकं शोधायला गेलं की सापडायची नाहीत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वर्षानुवर्षं खपून सुबोध बायबल केलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा जो वाद झाला तो झाला, पण स्टीफन्सपासूनचा धागा कुठे येऊन पोचला हे त्यानिमित्ताने मराठी वाचकाला कळलं.

वाचून चिंतन कसं करायचं याचीही पद्धत परिषदेनंतर घरात उतरली. वाचा, मनन करा, प्रार्थना करा, शांत बसा, हे चार टप्पे बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या कार्थुसियन संघातल्या संन्याशाने लिहून ठेवले होते, पण ते मठातच राहिले. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने त्यातूनच सात पायऱ्यांची सोपी रीत काढली, ती आशियात छोट्या ख्रिस्ती समूहांतून पसरली. आठ-दहा घरं एकत्र जमतात, उतारा वाचतात, ज्याला जो शब्द भिडला तो मोठ्याने सांगतो. सुरुवातीला सगळे गप्प बसतात, मग एखादी मावशी सुरू झाली की थांबत नाही. करिस्मॅटिक चळवळीच्या (मोठ्याने गाऊन, टाळ्या वाजवून प्रार्थना करणाऱ्यांच्या) रिट्रीटनीही, म्हणजे प्रार्थना शिबिरांनीही, लोकांना बायबल उघडायची सवय लावली, त्यातला गोंगाट मला स्वतःला झेपत नाही तो भाग वेगळा.

जपमाळेनेही स्वतःला थोडं बदललं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये प्रकाशाचे पाच प्रसंग जोडले, येशूचा बाप्तिस्मा, काना गावचं लग्न वगैरे, सगळेच्या सगळे शुभवर्तमानातले. काही घरांत आता दर दहा मण्यांआधी त्या प्रसंगाचा छोटा उतारा वाचतात, वीस मिनिटांची जपमाळ अर्ध्या तासावर जाते आणि पोरं कुरकुरतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये देवशब्दाचा खास रविवार ठरवला, तो पहिल्यांदा आला २६ जानेवारी २०२० ला, म्हणजे नेमका प्रजासत्ताक दिनी. त्यानंतर दोनच महिन्यांत लॉकडाऊन लागला, चर्चेस बंद झाली, आणि मिस्सा मोबाईलवर बघून झाल्यावर वाचन कोणी करायचं यावर घराघरात पाळ्या लागल्या.