यिर्मयाची 'खोर्बा' आणि आपल्या सातबाऱ्यावरचा 'खराबा'

परवा फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ आला, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या भविष्यवाणीतली ७० वर्षं घेऊन त्यात काहीबाही मिळवून थेट जगबुडीची तारीख काढलेली. आकड्याचं नंतर बघू, पण त्यातलं मूळ वाक्य भारी आहे. पंचविसाव्या अध्यायात यिर्मया हिब्रूत म्हणतो, हा सगळा देश 'खोर्बा' आणि 'शम्मा' होईल आणि ही राष्ट्रं ७० वर्षं बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाची चाकरी करतील.

शम्माचा धातू श-म-म. जमिनीला लावला तर ओसाड, माणसाला लावला तर हादरून गप्प झालेला. भाषांतरकार इथेच अडकतात, पण मराठीला हे जड जाऊ नये, 'शून्य'मधूनच आपल्याकडे घर सुनं होतं आणि डोकंही सुन्न होतं.

माझा खरा जीव खोर्बावर. धातू ख-र-ब, उद्ध्वस्त होणं. अरबीत त्याचा सख्खा भाऊ आहे, तिथून फारसीमार्गे आपल्याकडे 'खराब' आला आणि सातबाऱ्यावर लागवडीला न चालणारी जमीन 'पोटखराबा' म्हणून लागते ना, तिच्यातही तोच बसलाय!

आता गंमत बघा, जुन्या हिब्रू हस्तलिखितांत स्वरचिन्हं नव्हतीच, ती मसोरेती म्हणजे बायबलची हिब्रू संहिता जपणाऱ्या ज्यू पंडितांनी साधारण ७व्या ते १०व्या शतकात टिंबं-रेघा देऊन घातली, त्यामुळे नुसती ख-र-ब ही अक्षरं 'खेरेब' वाचली की तलवार, 'खोरेब' वाचली की कोरड, 'खारेब' वाचली की उजाड. पन्नासाव्या अध्यायात ३५ ते ३७ या वचनांत पाच वेळा तलवार येते, खास्द्यांवर (म्हणजे बाबेलच्या लोकांवर) तलवार, शूरांवर तलवार, घोड्यांवर तलवार, आणि ३८व्यात तीच तीन अक्षरं पण 'तिच्या', म्हणजे बाबेलच्या, 'पाण्यावर'. पाण्यावर तलवार चालवून काय होणार? म्हणून पंडितांनी पहिल्या अक्षराखालची तीन टिंबं काढून डोक्यावर एकच दिलं, झाला खोरेब, पाणी आटलं.

राहिला ७० चा आकडा. इ.स.पू. ६८९ मध्ये अश्शूरी (असिरियन) राजा सनहेरीबने बाबेल पाडलं. त्याचा मुलगा एसरहद्दोन शिलालेखात सांगतो की मर्दूक देवाने शहराला ७० वर्षं ओसाडी लिहिली होती, पण दया येऊन आकडाच उलटा केला आणि ११व्या वर्षी बांधायला सांगितलं. बाबेली लिपीत ६० ची उभी खूण आणि पुढे १० ची खूण म्हणजे ७०, त्यांची अदलाबदल केली की उभी खूण १ ची होते आणि उरतात ११. व्हिडिओवाल्या काकांना विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूने वाचलंत? दोन दिवस झाले, नुसती ब्लू टिक.