शाळेतील समुदायभावना

शाळेतील विद्यार्थी, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि पालक यांना आपण एकमेकांशी जोडलेले आहोत, येथे आपल्याला ओळखणारे कोणीतरी आहे, आपल्या शब्दाला किंमत आहे आणि आपल्यावाचून काहीतरी अडेल, असे वाटणे म्हणजे शाळेतील समुदायभावना होय. समारंभ, गणवेश आणि घोषवाक्ये यांतून ती व्यक्त होते. तिची घडण मात्र वर्गातील आणि वर्गाबाहेरील रोजच्या व्यवहारात होते.

शाळा हा स्वतःच एक छोटा समाज असावा, हा विचार अमेरिकी तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी आग्रहाने मांडला आणि १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू केलेल्या प्रायोगिक शाळेत मुलांच्या सामायिक कामांभोवती अभ्यासक्रम गुंफून तो अमलातही आणला. समुदायभावनेला मानसशास्त्रीय संकल्पनेचे रूप सीमोर सॅरासन यांनी १९७४ मध्ये दिले. पुढे १९८६ मध्ये डेव्हिड मॅकमिलन आणि डेव्हिड चॅव्हिस यांनी तिचे चार घटक सांगितले : सदस्यत्व, प्रभाव, गरजांची पूर्तता आणि सामायिक भावनिक बंध. यांपैकी प्रभाव, म्हणजे आपल्या म्हणण्याने येथे काही बदलू शकते हा अनुभव, शाळांकडून सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. मुलांना प्रेमाने वागवणाऱ्या, पण त्यांना कधीच काही न विचारणाऱ्या शाळेत मुले सुखी असू शकतात. त्या शाळेची जबाबदारी त्यांना स्वतःची वाटेलच असे नाही.

आपली गरज असणे ही बाब किती निर्णायक ठरते, हे रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या माध्यमिक शाळांच्या अभ्यासातून दाखवले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार मोठ्या शाळेत उपक्रमांची संख्या अधिक असली, तरी लहान शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला जबाबदारीच्या भूमिका अधिक येत होत्या. याचे कारण सरळ आहे : नाटकाला दहा पात्रे हवीत आणि वर्गात मुले बारा असतील, तर लाजऱ्या मुलालाही गळ घातली जाते, मुले दोनशे असतील, तर तो प्रेक्षकांत बसतो आणि त्याची अनुपस्थिती कोणाच्या ध्यानातही येत नाही. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांच्या बाबतीत हा फरक विशेष ठळक होता. लहान शाळांत त्यांनाही इतरांइतकेच कर्तव्य जाणवत होते, तर मोठ्या शाळांत ती कडेलाच राहत होती. शाळा लहान करणे नेहमी शक्य नसते, परंतु तिची विभागणी छोट्या गटांत करणे, काही शिक्षकांकडे तीच मुले सलग काही वर्षे ठेवणे आणि कामे अधिक हातांत वाटणे बहुतेक ठिकाणी जमण्यासारखे असते.

अध्यापनाच्या पद्धतीतूनही परस्परांची गरज निर्माण करता येते. वंशभेदावर आधारलेल्या वेगळ्या शाळा संपुष्टात आल्यावर टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे वर्गांत तणाव वाढला, तेव्हा १९७१ मध्ये एलियट अॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिगसॉ’ पद्धत विकसित केली. तीत वर्गाचे पाच-सहा मुलांचे गट करतात आणि गटातील प्रत्येकाला पाठाचा एकच भाग देतात. समान भाग मिळालेली निरनिराळ्या गटांतील मुले आधी एकत्र बसून तो समजून घेतात, नंतर आपापल्या गटात परतून इतरांना शिकवतात. परीक्षा संपूर्ण पाठावर असल्यामुळे अडखळत बोलणाऱ्या सोबत्याचेही लक्षपूर्वक ऐकावे लागते, आणि त्याची टर उडवण्याऐवजी त्याला नेमके प्रश्न विचारणे मुलांच्या हिताचे ठरते. आपुलकीवर व्याख्यान न देता ती घडवणारी ही योजना आजही अनुकरणीय आहे.

दुसरे प्रभावी साधन म्हणजे वर्गसभा. मुले आणि शिक्षक वर्तुळात बसतात, वर्गाचे नियम ठरवतात, झालेली भांडणे मिटवतात आणि पुढील कामाची आखणी करतात. इंग्लंडमधील समरहिल या १९२१ मध्ये स्थापन झालेल्या शाळेत हे तत्त्व टोकापर्यंत नेलेले आहे. तेथील सभेत लहान मुलाचे मत आणि मोठ्या माणसाचे मत सारखेच मोजले जाते. इतर शाळांना एवढे पुढे जाणे आवश्यक नाही. मात्र कोणता निर्णय मुलांच्या हाती आहे आणि कोणता नाही, हे सभेपूर्वी स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण आधीच ठरलेल्या गोष्टीवर मत मागितले की मुलांना ते लगेच कळते आणि पुढच्या सभेत कोणी तोंड उघडत नाही.

शिक्षकांमध्येच अविश्वास असेल, तर मुलांसाठी आखलेले उपक्रम तग धरत नाहीत. अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांनी शिकागोतील प्राथमिक शाळांचा दीर्घ अभ्यास करून २००२ मध्ये दाखवले की, शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांच्यातील परस्पर विश्वास जेथे वाढला, तेथे शैक्षणिक सुधारणेची शक्यताही अधिक होती. व्हिक्टर बॅटिस्टिच आणि सहकाऱ्यांच्या १९९५ मधील संशोधनात समुदायभावनेचे काही सर्वांत ठळक लाभ अत्यंत वंचित विद्यार्थ्यांच्या शाळांत आढळले.

समुदायभावनेच्या मापनासाठी कॅरल गुडनाऊ यांची १९९३ मधील १८ विधानांची श्रेणी प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना शाळेविषयी वाटणाऱ्या आपलेपणाची पाहणी ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतही २००० पासून केली जाते. अशा पाहण्यांची सरासरी फसवी ठरू शकते. घट्ट एकजूट असलेल्या शाळेतच वेगळी भाषा बोलणारे, अपंगत्व असलेले किंवा वर्षाच्या मध्यावर दाखल झालेले मूल अधिक एकटे पडू शकते, कारण बाकीच्यांचे संकेत, विनोद आणि बसण्याच्या जागा आधीच ठरून गेलेल्या असतात. त्यामुळे सरासरीसोबत सर्वांत कमी गुण नोंदवणारी मुले कोणत्या गटांतील आहेत, मधल्या सुटीत ती कोणासोबत असतात आणि शाळेतील एखादे काम त्यांच्यावर सोपवलेले आहे की नाही, याचीही नोंद घ्यावी लागते.