बर्फाच्या डब्यानं अमेरिका कशी बदलली

अमेरिकेतल्या इंडस्ट्रियलायझेशनचा विषय निघाला की कार्नेगीचं पोलाद, रॉकफेलरचं तेल आणि फोर्डची गाडी ही तीन नावं ठरलेली. पण सामान्य अमेरिकन माणसाच्या ताटापर्यंत, कामाच्या पद्धतीपर्यंत आणि कायद्यापर्यंत हा बदल कसा पोचला ते बघायचं असेल तर मी आधी रेल्वेचा एक लाकडी डबा दाखवीन, ज्यात वर बर्फ भरलेला असायचा आणि खाली मांस. (शाकाहारी मंडळींनी जरा सांभाळून घ्या, पुढे शिकागोचे कत्तलखाने येणार आहेत.)

आधी बर्फाचं बघू. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या माणसानं 1806 मध्ये तिथल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून जहाजानं कॅरिबियन मधल्या मार्टिनिक बेटावर नेला, लोक हसले, सुरुवातीला त्याचं नुकसानही झालं, पण गडी हटला नाही. 1833 मध्ये त्याचं जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं तेव्हा त्यातला जवळपास 100 टन अजून शाबूत होता! पुढे मुंबईलाही अमेरिकन बर्फ यायला लागला, जमशेटजी जीजीभॉय यांनी 1834 मध्ये पाहुण्यांना आईस्क्रीम खिलवलं आणि नंतर मंडळींना सर्दी झाली अशी बातमी तेव्हा छापून आली होती.

चार महिने, तेही विषुववृत्त दोनदा ओलांडून, बर्फ टिकतो कसा? 0 डिग्रीच्या एक किलो बर्फाचं 0 डिग्रीचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी 0 वरून 80 डिग्रीपर्यंत तापेल. म्हणजे बर्फ वितळताना आजूबाजूची भरपूर उष्णता पिऊन टाकतो आणि स्वतः मात्र 0 वरच राहतो. त्यात मोठे चौकोनी ठोकळे एकमेकांना घट्ट चिकटवून रचले की हवा लागणारा पृष्ठभाग कमी होतो, आणि भोवती लाकडाचा भुसा भरला की भुशात अडकलेली हवा उष्णतेला आत येऊ देत नाही. भुसा तर सॉ मिलवाले फेकूनच देत होते. 1825 च्या सुमारास नॅथॅनियल वायेथनं घोड्यानं ओढायचं बर्फ कापायचं यंत्र केलं आणि सारख्या मापाचे ठोकळे स्वस्तात मिळायला लागले. म्हणजे फ्रिज येण्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत थंडी विकत मिळत होती.

आता शिकागो. 1865 च्या नाताळच्या दिवशी तिथे युनियन स्टॉक यार्ड्स सुरू झालं, रेल्वे कंपन्यांनी मिळून बांधलेला जनावरांचा प्रचंड बाजार. पश्चिमेकडची गुरं इथे यायची आणि इथून जिवंतच रेल्वेनं न्यूयॉर्क, बॉस्टनकडे जायची. यातला आतबट्ट्याचा भाग असा की जनावराच्या वजनातला जवळपास 60 टक्के भाग मांस म्हणून खाण्यासारखा नसतो, म्हणजे भाडं भरायचं हाडं, शिंगं, आतडी यांच्यासाठीसुद्धा, शिवाय वाटेत चारापाणी करायचं, जनावरं वाळायची, काही मरायची. मॅसॅच्युसेट्सचा खाटीक गुस्टाव्हस स्विफ्ट 1875 मध्ये शिकागोला आला आणि त्याच्या डोक्यात हाच हिशोब बसला, की कापायचं इथेच आणि नुसतं मांस पाठवायचं.

म्हणायला सोपं आहे. उन्हाळ्यात मांस बाहेर ठेवलं तर बॅक्टेरिया विसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकतात, दिवस संपायच्या आत वास सुटतो. आधीच्या लोकांनी मांस थेट बर्फावर ठेवून बघितलं तर ते ओलं होऊन काळं पडलं आणि चवही गेली. मग कोणीतरी ते वरून टांगलं, तर वळणावर सगळे लोंबते तुकडे एकाच बाजूला झुलायचे आणि डबा रुळावरून घसरायचा. स्विफ्टनं 1878 मध्ये अँड्र्यू चेस नावाच्या इंजिनियरला कामाला लावलं आणि त्यानं काढलेला तोडगा अगदी साधा होता. बर्फ वर, मांस खाली घट्ट रचलेलं. थंड हवा जड असल्यामुळे खाली उतरते, मांसाची उष्णता घेऊन हलकी झाली की वर जाते, बर्फाला लागून पुन्हा गार होते आणि पुन्हा खाली, मोटर नाही काही नाही. हवा खेळती राहिल्यानं मांस कोरडंही राहतं आणि वजन तळाशी असल्यानं डबा स्थिर.

डबा तयार झाला तर रेल्वे कंपन्या म्हणाल्या आम्ही ओढणार नाही. कारण उघड आहे, त्यांनी गुरं नेण्याच्या डब्यांत आणि वाटेतल्या गोठ्यांत पैसे घातले होते आणि जिवंत जनावराचं वजन जास्त म्हणजे भाडंही जास्त. शेवटी कॅनडातून जाणारी ग्रँड ट्रंक रेल्वे तयार झाली, कारण लांबच्या रस्त्यामुळे तिच्याकडे गुरांचा धंदा फारसा नव्हताच, गमावण्यासारखं काही नव्हतं. नवीन तंत्रज्ञान बऱ्याचदा असं ज्याचं जुन्यात काही अडकलेलं नाही त्याच्याच दारातून आत येतं असं मला वाटतं.

इथून पुढे खरी गंमत आहे. बर्फ वाटेत वितळणार म्हणजे ठिकठिकाणी तो पुन्हा भरायची सोय पाहिजे, त्यासाठी उत्तरेकडच्या तळ्यांवर हिवाळ्यात बर्फ कापून साठवायला पाहिजे, पलीकडच्या शहरात मांस उतरवायला गार गोदाम पाहिजे, आणि कुठे किती माल लागणार ते आधी कळायला पाहिजे म्हणून रोज तारा (टेलिग्राम) पाहिजेत. एक कडी तुटली की अख्खा डबा वाया! म्हणून स्विफ्टनं डबे, बर्फाची कोठारं, गोदामं, विक्री सगळं आपल्याच हातात घेतलं, आणि हे सांभाळायला पगारी मॅनेजर लोकांची फौज उभी केली. गावातला धंदा मालक आणि दोन-चार नोकर यांच्यावर चालायचा, तिथे आता किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत पसरलेली कंपनी आली. आर्मर आणि बाकीचे पॅकर, म्हणजे मांस कापून विकणाऱ्या मोठ्या कंपन्या, याही लगेच त्याच वाटेनं गेल्या.

गावोगावचे खाटीक अर्थातच चिडले. शिकागोचं मांस स्वस्त का पडायचं, तर तिथे रक्ताचं खत व्हायचं, हाडांची बटणं आणि सरस, चरबीचा साबण, आणि नफा बराचसा त्यातूनच निघायचा, मांस जवळजवळ खर्चाच्या भावात विकलं तरी चालायचं. गावातला खाटीक हे सगळं गटारात टाकायचा. मिनेसोटा राज्यानं 1889 मध्ये कायदा केला की जनावर कापायच्या आधी ते आमच्याच राज्यात तपासलेलं पाहिजे, म्हणजे बाहेरचं मांस आपोआप बंद. सुप्रीम कोर्टानं पुढच्याच वर्षी तो रद्द केला. खाटकांचा धंदा बसला तो बसलाच.

कत्तलखान्याच्या आतलं काम तर पार बदलून गेलं. डोक्यावरच्या रुळाला लावलेल्या आकड्यावर जनावर टांगलेलं, ते सरकत पुढे जाणार आणि प्रत्येक कामगार उभ्या जागी एकच काप घेणार, दिवसभर तोच. ही पद्धत आधी सिनसिनाटीत डुकरांसाठी निघाली, शिकागोनं ती अफाट वाढवली. पूर्ण जनावर कापता येणारा कसबी खाटीक आता नको होता, काल बोटीतून उतरलेला पोलिश किंवा लिथुएनियन पोरगाही दोन दिवसांत शिकायचा, आणि म्हणूनच त्याला काढून टाकणंही सोपं. 1904 मध्ये मोठा संप झाला, तो मोडला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेतून कृष्णवर्णीय कामगार आले, आणि 1919 च्या उन्हाळ्यात शिकागोत उसळलेल्या वांशिक दंगलीत 38 माणसं गेली, तिच्यामागच्या तणावात घरांइतकाच या नोकऱ्यांचाही वाटा होता.

फोर्डचा विल्यम क्लॅन नावाचा माणूस शिकागोत असा कत्तलखाना बघून आला होता, इथे तुकडे वेगळे होत जातात तर तिकडे तुकडे जोडत का नाही नेता येणार, असा तो विचार. 1913 मध्ये फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती असेंब्ली लाईन लागली आणि गाडीच्या सांगाड्याची जोडणी साधारण साडेबारा तासांवरून 93 मिनिटांवर आली. काम इतकं कंटाळवाणं की लोक टिकेनात, म्हणून 1914 मध्ये फोर्डनं दिवसाला 5 डॉलर जाहीर केले. त्या 5 डॉलरचं कौतुक सगळे करतात, कंटाळ्याचं कारण कमी जण सांगतात.

घाणीचं काय झालं विचाराल तर ती नदीत. शिकागो नदीच्या एका फाट्यात इतकं रक्त आणि आतडी टाकली गेली की कुजून तयार झालेल्या गॅसचे बुडबुडे वर यायचे, लोक त्याला बबली क्रीकच म्हणतात. आणि मांस डब्यात बंद होऊन हजार मैलांवर जायला लागल्यावर ते कुठल्या जनावराचं, किती ताजं, हे गिऱ्हाईकाला कळायची सोयच राहिली नाही. 1906 मध्ये या कत्तलखान्यांवरची एक कादंबरी गाजली, लोकांना मळमळलं, आणि 30 जून 1906 ला मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन केंद्रीय कायदे झाले. माल एका राज्यातला, खाणारा दुसऱ्या राज्यातला, मग तपासणार कोण, तर केंद्र सरकार.

याच डब्यांमुळे कॅलिफोर्नियाची फळं पूर्वेकडे पोचायला लागली. नंतर अमोनियाची शीतयंत्रं आली, 1920 च्या दशकाच्या अखेरीस घरगुती फ्रिज आले, आणि दारोदार बर्फ टाकणाऱ्या माणसाची नोकरी गेली. मग ट्रकवर बसणारं रेफ्रिजरेशन युनिट आलं, हायवे झाले, तेव्हा कंपन्यांनी स्विफ्टचाच हिशोब पुढे नेला, की गुरं शिकागोपर्यंत तरी कशाला आणायची, ती जिथे वाढतात तिथेच कापा आणि खोक्यात भरून ट्रकनं पाठवा. आयोवा, कॅन्सस, नेब्रास्काच्या छोट्या गावांत नवे कारखाने निघाले, तिथे युनियनही कमजोर होत्या हे त्यांच्या पथ्यावरच पडलं. 1971 मध्ये युनियन स्टॉक यार्ड्सला टाळं लागलं.