मैत्री-बाहुल्या

मैत्री-बाहुल्या : जपान आणि अमेरिका या देशांतील शाळकरी मुलांनी १९२७ साली एकमेकांना भेट म्हणून पाठवलेल्या बाहुल्या. अमेरिकेतून जपानला सुमारे १२,७०० गेल्या, जपानमधून परतभेट म्हणून ५८ आल्या. जपानीत पहिल्या प्रकाराला ‘आओई मे नो निंग्यो’ (निळ्या डोळ्यांची बाहुली) आणि दुसऱ्याला ‘तोरेई निंग्यो’ (परतभेटीची बाहुली) म्हणतात.

या देवाणघेवाणीच्या मुळाशी एक कटुता होती. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेने जपानी लोकांना कायमच्या वास्तव्याची दारे बंद केली आणि जपानमध्ये तो राष्ट्रीय अपमान मानला गेला. सिडनी ग्युलिक (१८६०–१९४५) हे अमेरिकी मिशनरी १८८८ पासून पाव शतक जपानमध्ये राहिलेले होते. या कायद्याला त्यांचा विरोध होता, पण तो काही चालला नाही. मोठी माणसे ऐकत नाहीत तर निदान मुलांची ओळख तरी होऊ द्यावी, असा विचार करून त्यांनी बाहुल्यांची योजना मांडली.

बाहुलीच का, याचे उत्तर ‘हिनामात्सुरी’ या ३ मार्चच्या मुलींच्या सणात आहे. त्या दिवशी लाल कापड अंथरलेल्या पायऱ्यांवर राजा-राणी, दासी, वादक अशा बाहुल्या मांडतात. मांडणी पाहून आपल्याला गौरीपुढची आरास आठवावी. मात्र या बाहुल्या खेळायच्या नसतात. सण झाला की त्या जपून आवरून ठेवतात. अमेरिकेतून आल्या त्या बाहुल्या मात्र अस्सल खेळण्यातल्या होत्या.

अमेरिकेतील शाळा, चर्च, मुलींची मंडळे यांनी पैसे जमवून त्या विकत घेतल्या आणि त्यांचे कपडे घरोघरी शिवले. आडव्या केल्या की डोळे मिटत, कलंडल्या की ‘मामा’ (इंग्रजीत ‘आई’) असा आवाज निघे. प्रत्येकीला नाव होते, सोबत मुलांचे पत्र होते, शिवाय प्रवासाचे खेळातले तिकीट आणि छोटासा पासपोर्टही होता. ज्या देशाने माणसांना दार लावले होते त्याच देशाच्या बाहुल्या पासपोर्ट घेऊन निघाल्या, ही विसंगती तेव्हा कोणाला जाणवली असेल का, असा प्रश्न पडतो. ३ मार्च १९२७ रोजी तोक्योत त्यांचे समारंभपूर्वक स्वागत झाले आणि मग त्या देशभरच्या प्राथमिक शाळा व बालवाड्यांत वाटल्या गेल्या.

जपानच्या बाजूची सूत्रे शिबुसावा एइइची (१८४०–१९३१) या वयोवृद्ध उद्योगपतींच्या हाती होती. २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचेच चित्र आहे. परतभेटीसाठी शाळकरी मुलींकडून एकेक सेन, म्हणजे येनचा शंभरावा भाग, गोळा करण्यात आला. तोक्यो व क्योतोच्या नामांकित कारागिरांनी सुमारे ८० सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्या घडवल्या. चेहऱ्यावर शिंपल्यांच्या पुडीचा गुळगुळीत लेप, काचेचे डोळे, खरे केस, रेशमी किमोनो आणि सोबत लाखकाम केलेल्या पेट्या, चहाची भांडी असा इवलासा संसार. बहुतेकींना ‘मिस’ लावून प्रांताचे किंवा शहराचे नाव दिले होते. अमेरिकाभर दौऱ्यावर फिरताना त्यांना उभे ठेवण्याच्या बैठकी आणि सामान यांची बरीच सरमिसळ झाली. त्यामुळे आज एखाद्या संग्रहालयात ज्या प्रांताच्या नावाने बाहुली उभी असते ती त्याच प्रांताची असेल असे नाही.

दोन्ही भेटींचा पुढचा प्रवास वेगळा झाला, तो मुख्यतः त्या कुठे ठेवल्या गेल्या यामुळे. जपानी बाहुल्या मौल्यवान म्हणून संग्रहालयांच्या काचेआड गेल्या. युद्धकाळात त्यांपैकी अनेक काढून कोठारात ठेवल्या गेल्या, पण बहुतेक सुखरूप राहिल्या. अमेरिकी बाहुल्या शाळेत, मुलांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यामुळे त्यांच्यावर प्रेमही जडले आणि पुढे रागही त्यांच्यावरच निघाला. १९४३ च्या सुमारास ‘शत्रूच्या बाहुल्या’ नष्ट करण्याची हाक दिली गेली. कुठे त्या जाळल्या, कुठे मुलांकडून बांबूच्या भाल्यांनी भोसकवल्या. काही शिक्षकांनी मात्र आपल्या शाळेची बाहुली कपाटामागे किंवा अडगळीत लपवली. असे करणे तेव्हा सोपे नव्हते.

राजकीय हेतूच्या दृष्टीने पाहिले तर योजना फसली. स्थलांतराची बंदी १९५२ पर्यंत उठली नाही आणि मधल्या काळात महायुद्ध होऊन गेले. तरीही १९७० च्या दशकापासून जपानी शाळांच्या जुन्या सामानातून लपवलेल्या बाहुल्या सापडू लागल्या. आजवर सापडलेल्यांची संख्या तीनशेच्या वर आहे. अमेरिकेतील जपानी बाहुल्या दुरुस्तीसाठी मायदेशी येऊन जातात. या भेटीला ‘सातोगाएरी’ म्हणतात. सासुरवाशिणीच्या माहेरपणालाही जपानीत हाच शब्द आहे. ग्युलिक यांच्या नातवाने १९८० च्या दशकात जपानी शाळांना नव्या बाहुल्या पाठवायला सुरुवात केली. जुनी बाहुली वाचलेल्या काही शाळांत ती आजही हिनामात्सुरीच्या सुमारास बाहेर काढून मांडतात. आवाजाची यंत्रणा शाबूत असेल, तर कलंडवल्यावर ती अजूनही ‘मामा’ म्हणते.